आधी पाणी, मग पान! बुखाऱ्यापासून बदलापूरपर्यंत प्रवाशाने जेवावे कुठे?

घर सोडून माणूस बाहेर पडला की दोन प्रश्न त्याच्या मागे लागतात. रात्री टेकायचे कुठे आणि दुपारी जेवायचे कुठे? पहिला प्रश्न रोज येत नाही. दुसरा मात्र कल्याणच्या पुढे राहणाऱ्या आपल्या माणसांची पाठ सोडत नाही. पहाटेच्या लोकलने मुंबई गाठणारा कामगार, उल्हासनगरच्या बाजारात लग्नाचा बस्ता बांधायला आलेले कुटुंब, अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाची चौकशी करायला आलेला तरुण, पावसाळ्यात पोराबाळांना घेऊन बदलापूरला निघालेली मंडळी, या सर्वांच्या पोटात दुपारी कावळे ओरडू लागतात. मग समोर दिसेल त्या गाडीवर हात मारला जातो आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे पैसे मोजावे लागतात.

वाचक बंधू-भगिनींनो, अमुक हॉटेल चांगले आणि तमुक वाईट, अशी यादी आम्ही येथे देणार नाही. हॉटेले उघडतात, बंद पडतात, मालक बदलतात, आचारी बदलतात. आज दिलेली यादी उद्या कामाची राहत नाही. जागा पारखायची कशी हे मात्र एकदा समजले की ते उल्हासनगरातही उपयोगी पडते आणि हजारो मैलांवरच्या ताश्कंदमध्येही. आमच्या मते या पारखीचे सूत्र एका ओळीत मावते. आधी पाणी पाहा, मग पान वाढून घ्या. हे सूत्र आम्ही का धरले, ते आधी सांगतो.

शिदोरी होती, पाणी नव्हते

साल १९०१. बाबासाहेब तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होते. वडील रामजी सुभेदार सातारा जिल्ह्यातील गोरेगाव येथे खजिनदाराच्या नोकरीवर होते आणि मुले साताऱ्यास राहत होती. सुट्टीत वडिलांना भेटण्यासाठी बाबासाहेब, त्यांचे थोरले बंधू आणि भाचे नवे कपडे घालून आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरले. निरोप वेळेवर पोहोचला नसल्याने न्यायला कोणी आले नव्हते. मुलांची जात कळताच गाडीवाले मागे सरले. अखेर दुप्पट भाड्यावर एक बैलगाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची या अटीवर.

या मुलांजवळ खायला भरपूर होते. आत्याने शिदोरी बांधून दिली होती. संध्याकाळी गाडी थांबली, शिदोरी सोडली, पण पाणी कुठे होते? जवळच्या डबक्यात होते ते चिखल-शेणाने भरलेले. चांगले पाणी देणारा वाटेत कोणी भेटला नाही. समोर अन्न असूनही ती मुले त्या रात्री उपाशी झोपली. बाबासाहेबांनी पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींच्या टिपणात हा सारा प्रसंग लिहून ठेवला आहे.

म्हणूनच प्रवासात जेवावे कुठे हा प्रश्न आपल्यासाठी नुसता चवीचा नाही. ब्रिटिश अमदानीत रेल्वे स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशी वेगळी सोय असे. गावोगावच्या हॉटेलांत आपल्या माणसांसाठी वेगळी कपबशी ठेवलेली असे. चहा वरून ओतला जाई, कपबशी आपणच धुऊन ठेवायची. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढून दिले आणि महाराज स्वतः तेथे चहा प्यायले. एक कप चहाने एवढा गहजब का व्हावा? कारण तो चहा सर्वांसमोर, एका पंगतीला बसून प्यायला गेला होता.

पुढे २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले. कलम १५ ने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत जातीच्या कारणाने कोणालाही अडवता येणार नाही असे ठरवले. विहिरी, तळी आणि रस्ते यांनाही तोच नियम लागू केला. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने ती पाळणे हा गुन्हा ठरला. तेव्हा आज एखाद्या हॉटेलात खुर्ची ओढून आपण बसतो, ती खुर्ची कोणाच्या मेहेरबानीने मिळालेली नाही, हे मुलांना जरूर सांगावे.

लेण्यांतील पाण्याची टाकी

प्रवाशासाठी पाणी आणि निवारा यांची सोय करण्याची रीत आपल्या मुलखात फार जुनी आहे. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत डोंगर कोरून पाण्याची टाकी केलेली आहेत. तेथील शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हटले आहे. यातील एक पोढी कल्याणच्या एका सोनाराने दान दिली होती. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे कल्याण हे मोठे व्यापारी बंदर होते. तेथील सोनाराला भिक्खूंना आणि वाटसरूंना काय द्यावेसे वाटले? पाणी!

नाशिकच्या पांडवलेण्यांतील दुसरा एक लेख आहे उषवदाताचा. हा क्षत्रप नहपानाचा जावई, स्वतःला शक म्हणवणारा. त्याने भिक्खुसंघासाठी लेणे कोरून दिले आणि त्यांच्या अन्नवस्त्राची तरतूद केली. त्याच लेखात त्याने प्रवाशांसाठी बांधलेल्या धर्मशाळांचा उल्लेख येतो. त्या भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग येथे होत्या. शोर्पारग म्हणजे आजचे नालासोपारा. नद्यांवर फुकट नावा आणि वाटेवर विहिरी यांचाही त्यात उल्लेख आहे.

आता हे शक मूळचे कुठले? मध्य आशियातले. ज्या वाटांनी ते इकडे आले, त्याच वाटांनी तथागताचा धम्म तिकडे गेला. आजच्या उझबेकिस्तानात अमुदर्या नदीकाठी तेरमेझ नावाचे शहर आहे. त्याच्याजवळ फयाझ-टेपे येथे कुषाण काळातील बौद्ध विहाराचे अवशेष खणून काढण्यात आले आहेत. त्या विहाराचे तीन भाग होते. मधे पूजास्थान, एका बाजूला भिक्खूंच्या खोल्या आणि दुसऱ्या बाजूला भोजनशाळा. हजारो मैल चालून आलेल्या भिक्खूला जेवायचे कुठे हा प्रश्न तेथे पडत नसणार!

बुखाऱ्याची सराई आणि आपले कॅम्प

मध्य आशियाचा आणि आपल्या उल्हासनगरचा दुसरा धागा याहून जवळचा आहे. सिंध प्रांतात शिकारपूर नावाचे गाव आहे. तेथील सिंधी व्यापारी हुंडीचा आणि सावकारीचा धंदा करीत बुखारा, समरकंद येथपर्यंत पसरले होते. अलेक्झांडर बर्न्स हा इंग्रज अधिकारी १८३२ साली बुखाऱ्यास गेला होता. सुमारे तीनशे हिंदू तेथे स्वतःच्या एका सराईत राहतात आणि त्यांतील बहुतेक शिकारपूरचे आहेत, असे त्याने लिहून ठेवले आहे. १९१७ च्या रशियन क्रांतीनंतर हा व्यापार बसला.

१९४७ ची फाळणी झाली आणि याच सिंधमधील लोकांना घरदार टाकून निघावे लागले. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धात उभारलेली लष्करी छावणी रिकामी पडली होती. तिच्या बराकींत नव्वद हजारांहून अधिक सिंधी निर्वासितांची सोय करण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणीचे पाच भाग होते, म्हणून आजही आपण कॅम्प १, कॅम्प २ असेच म्हणतो.

पुढे या कॅम्पांच्या आजूबाजूला, टेकड्यांवर, कारखान्यांच्या कडेला आपली माणसेही येऊन राहिली. कोणी मराठवाड्याच्या दुष्काळातून, कोणी विदर्भातून, कोणी कोकण-देशावरून. सांगावयाचे म्हणजे, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तिन्ही गावे आलेल्या माणसांची आहेत. येथील खाणेही तसेच, वाटेवरच्या माणसाचे खाणे आहे.

ताश्कंद-समरकंदला मुलगा गेला तर?

कोणी म्हणेल, मध्य आशियाची ही वार्ता आपल्याला कशाला? आज महाराष्ट्रातील कितीतरी मुले-मुली डॉक्टरीच्या शिक्षणासाठी किर्गिझस्तानातील बिश्केक आणि ओश येथे जातात. उझबेकिस्तानातही जातात. ताश्कंद हे नाव जुन्या मंडळींना लालबहादूर शास्त्रींच्या निधनामुळे, ११ जानेवारी १९६६ पासून, ठाऊक आहे. मुलगा विमानात बसला की आईच्या जिवाला पहिली काळजी लागते ती तो खाईल काय याची. म्हणून थोडे सांगतो.

पहिली गंमत अशी की तेथील बाजारातले शब्द ओळखीचे निघतात. बाजाराला बोझोर, चहाला चोय, नानला नोन, समोशाला सोमसा, मांसाला गोश्त, कांद्याला पियोझ. एक शब्द मात्र फसवतो. उझबेकी भाषेत सब्झी म्हणजे भाजी नव्हे, गाजर! चहाच्या दुकानाला चोयखोना म्हणतात आणि जेवणाच्या जागेला ओशखोना. किर्गिझस्तानात अशकाना अशी पाटी दिसली की आत जेवण मिळते असे समजावे.

तेथील मुख्य पक्वान्न म्हणजे पलोव. आपला पुलाव त्याचाच भाऊबंद. तांदूळ, गाजर, कांदा आणि मांस मोठ्या कढईत शिजवतात. उझबेकिस्तान आणि ताजिकिस्तान या दोन्ही देशांच्या पलोवची नोंद २०१६ साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. पलोव खावा तो दुपारी. कढई सकाळी चढते, दुपारी रिकामी होते. संध्याकाळी मिळतो तो बहुधा उरलेला. ताश्कंदचा चोरसू बाजार, समरकंदचा सियोब बाजार आणि बिश्केकचा ओश बाजार या ठिकाणी कष्टकरी माणसे जेवतात. जेथे हमाल आणि गाडीवान जेवतात, तेथे भाव रास्त आणि अन्न ताजे, हा नियम जगभर चालतो.

मुलांना काही गोष्टी बजावून ठेवाव्यात. भट्टीतला नान हाताने तोडून सर्वांना वाटतात. तो उलटा ठेवणे तेथे असभ्यपणाचे मानतात. चहाचा प्याला काठोकाठ भरत नाहीत. थोडा थोडा, पुन्हा पुन्हा ओततात, तोच पाहुण्याचा मान. तेथे घोड्याचे मांसही खाल्ले जाते, गाय आणि मेंढी तर नेहमीचीच. ज्याला जे चालत नाही त्याने आधी विचारून घ्यावे. शाकाहारी मुलाने नान, दही, टोमॅटो-काकडी, फळे आणि सुकामेवा यांवर भिस्त ठेवावी. सोबत कुकर आणि डाळ-तांदूळ असले तर उत्तमच. पाणी उकळलेले किंवा बाटलीबंद प्यावे. थंडीत तेथे गरम चहा हेच पाणी असते.

याच मुलखातील फरगाण्याचा बाबर १५२६ साली दिल्लीला आला आणि हिंदुस्थानच्या बाजारात चांगली रोटी नाही, चांगले शिजवलेले अन्न नाही, अशी तक्रार त्याने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली. त्याला उल्हासनगरची सकाळ पाहायला मिळाली नाही, एवढेच आम्ही म्हणू.

उल्हासनगर : सकाळी दाल-पकवान

उल्हासनगरला येताना कोणत्या कॅम्पात काम आहे ते आधी पाहावे. कॅम्प १ ला शहाड स्टेशन जवळ, कॅम्प ३ ला उल्हासनगर, कॅम्प ४ ला विठ्ठलवाडी. कपड्यांसाठी जपानी बाजार आणि गजानन मार्केटकडे येणारी कुटुंबे सकाळी घरून निघतात आणि खरेदीच्या नादात दुपार टळून जाते. आमचा सल्ला असा की, बाजारात शिरण्यापूर्वीच पोटाला आधार द्यावा.

सकाळचा सिंधी नाश्ता म्हणजे दाल-पकवान. पकवान ही मैद्याची कडक, मोठी पुरी. सोबत शिजवलेली चणाडाळ, वर चिंचेची आणि हिरवी चटणी, कच्चा कांदा. पोट चांगले भरते आणि दुपारपर्यंत भूक लागत नाही. पण हा सकाळचाच पदार्थ. डाळ गरम आणि तेल ताजे असते ते तेव्हाच. मुलांना आणि वयस्करांना तळलेले सोसत नसेल तर कोकी मागावी. कोकी म्हणजे कांदा-मिरची घातलेली जाड पोळी, दह्यासोबत खातात.

दुपारी कढी-भात मिळाला तर जरूर घ्यावा. सिंधी कढी आपल्या कढीसारखी ताकाची नसते. बेसन तेलात भाजून, चिंच घालून, भेंडी, गवार, बटाटा, शेवग्याच्या शेंगा अशा भाज्यांनी ती घट्ट करतात. ताटभर भातावर एवढी एक वाढली की दुसरे कालवण लागत नाही. साई भाजी म्हणजे पालक, चुका आणि डाळ एकत्र शिजवलेली पातळ भाजी, आजाऱ्यालाही चालेल अशी. शिळ्या पोळीचे तुकडे कांदा-टोमॅटोच्या रश्श्यात शिजवले की त्याला सेयल म्हणतात. आपल्या आया-बहिणी शिळ्या भाकरीचा कुस्करा करतात, त्याचेच हे सिंधी रूप. ज्यांनी टंचाई पाहिली, त्यांच्या घरात अन्न फेकले जात नाही. मग ते घर सिंधी असो की आपले.

संध्याकाळी समोसा आणि फालुदा यांच्या गाड्या लागतात. समोसाही मूळचा इराण आणि मध्य आशियाच्या बाजूचा. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा प्रवासी दिल्लीस आला होता, त्याने मांस भरलेला समोसा नोंदवला आहे. बटाटा त्यात फार नंतर आला, कारण बटाटाच आपल्या देशात पोर्तुगीज आल्यानंतर पोहोचला.

दुकानात शिरताना संकोच नको. आपण विचारावे, "दादा, प्यायला पाणी आहे का?" चांगला दुकानदार म्हणतो, "बसा ताई, आधी पाणी घ्या." जो पाणी विचारताच तोंड वळवतो, त्याच्याकडे पैसे खर्चण्याचे कारण नाही.

अंबरनाथ : रेल्वेचे पाणी आणि पोळी-भाजी

अंबरनाथ म्हटले की पूर्वेला इ. स. १०६० चे शिलाहारकालीन दगडी शिवालय आठवते आणि दुसरे आठवतात ते कारखाने. विम्कोची काडेपेटी, ऑर्डनन्स फॅक्टरी आणि नंतरची एमआयडीसी. त्यात आणखी एक कारखाना आहे आणि तो आपल्या सूत्राशी थेट जोडलेला आहे. रेल्वे गाड्यांत आणि स्टेशनांवर विकले जाणारे 'रेल नीर' हे बाटलीबंद पाणी भरण्याचा एक प्रकल्प अंबरनाथला आहे. ज्या रेल्वेच्या मसूर स्टेशनावर उतरलेल्या मुलांना १९०१ साली वाटेत घोटभर पाणी मिळाले नाही, त्याच रेल्वेचे पाणी आज येथे भरले जाते आणि ते पिणाऱ्याची जात कोणी विचारत नाही. हा बदल आपोआप झालेला नाही. १९२७ साली महाडला चवदार तळ्याची ओंजळ भरली गेली, तेव्हा त्याची सुरुवात झाली.

अंबरनाथला कामानिमित्त येणाऱ्याने पोळी-भाजी केंद्र शोधावे. बायकांनी चालवलेली ही छोटी केंद्रे म्हणजे कामगाराच्या घरचीच चूल. दोन पोळ्या, एक सुकी भाजी, डाळ-भात, एवढे घरगुती अन्न मिळते. मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. सावकाराच्या व्याजातून त्या बायका सुटल्या आणि हातची चव हीच त्यांची कमाई झाली. आपण पोळी-भाजी केंद्रात दिलेला पैसा असाच एखाद्या घराची फी भरतो.

कारखान्यांच्या दारातल्या टपऱ्यांवर जेवायचे तर जेवणाच्या सुट्टीत जावे. गर्दी असते, पण त्या गर्दीतच अन्न ताजे असते. सुट्टी संपल्यावर झाकून ठेवलेल्या पातेल्यात काय आहे ते सांगता येत नाही. एकट्या बाईने जेवायचे असेल तर पूर्वी 'फॅमिली रूम' लिहिलेला पडद्याआडचा कोपरा शोधावा लागे. आता तसे काही नको. उजेडातले, रस्त्याकडचे टेबल घ्यावे आणि निवांत जेवावे.

बदलापूर : पावसाळा आणि डबा

बदलापूर हे नाव आपल्या इतिहासात आहे. १९२७ साली येथे शिवजयंतीचा उत्सव झाला, त्याचे अध्यक्षस्थान बाबासाहेबांनी भूषविले होते. आज पावसाळा लागला की बारवी धरणाची बाजू आणि कोंडेश्वर पाहण्यासाठी मुंबईपासून माणसे येतात. रस्त्याच्या कडेला आगरी पद्धतीच्या खानावळी आहेत. तांदळाची भाकरी, मासे, कोंबडीचे कालवण मिळते. पण दर आधी विचारावा आणि ताटात काय काय येणार तेही विचारावे. पाच माणसांचे कुटुंब जेवून उठल्यावर बिलावरून वाद घालणे कोणालाच शोभत नाही.

उन्हाळ्याच्या शेवटी बदलापूर स्टेशनाबाहेर आदिवासी बाया जांभळे आणि करवंदे घेऊन बसतात. पानाच्या द्रोणातली ती जांभळे जरूर घ्यावीत, धुऊन खावीत. मॉलमध्ये छापील किंमत निमूट देणाऱ्याने या माऊलीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नये. तिला पहाटे उठून रानात जावे लागते. रस्त्यावर बसून माल विकणाऱ्यांच्या पोटासाठी २०१४ साली पथविक्रेत्यांचा कायदा झालेला आहे, हेही लक्षात असू द्यावे.

बदलापूरच्या पावसाने एक मोठा धडा दिला आहे. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये पुराच्या पाण्यात अडकली. हजाराहून अधिक प्रवासी गाडीत होते, त्यांत लेकुरवाळ्या आणि गरोदर बायकाही होत्या. दुसऱ्या दिवशी आपत्ती दलाचे जवान, नौदल आणि आसपासचे गावकरी यांनी सर्वांना सुखरूप बाहेर काढले. त्या रात्री बाहेर चहूकडे पाणीच पाणी होते, पण प्यायचे पाणी तेवढेच, जेवढे प्रवाशाच्या पिशवीत होते. म्हणून जूनपासून सप्टेंबरपर्यंत तासाभराचा प्रवास असला तरी पिशवीत पाण्याची बाटली आणि कोरडा खाऊ असलाच पाहिजे. धबधब्याचे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी पिऊ नये.

पारखायचे कसे?

कोणत्याही गावात, कोणत्याही हॉटेलात शिरण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली, पाणी. पिंपावर झाकण आहे का? पाणी काढायला लांब दांडीचा ओगराळा किंवा नळ आहे, की जो तो हात बुडवतो? प्लेटा वाहत्या पाण्यात धुतात, की एकाच बादलीत दिवसभर बुचकळतात? ही बादली एकदा पाहिली की पुढचे काही पाहावे लागत नाही.

दुसरी, तेल. कढईतले तेल काळे पडले असेल, फेसाळत असेल, नाकाला झोंबत असेल तर तेथील वडा-भजी नको. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की ते अपायकारक होते. अशा तेलातील खराब घटक २५ टक्क्यांच्या वर जाऊ नयेत, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे.

तिसरी, कागद. वर्तमानपत्राच्या कागदात गरम वडे बांधून घेऊ नयेत. छपाईची शाई अन्नाला लागते. वर्तमानपत्र वाचण्यासाठी असते, हे आम्ही वर्तमानपत्रवाल्यांनीच सांगायला हवे!

चौथी, परवाना. खाद्यपदार्थ विकणाऱ्याजवळ अन्न सुरक्षा कायद्याखालील १४ आकडी नोंदणी क्रमांक असावा लागतो. हॉटेलात तो दिसेल असा लावलेला असतो.

पाचवी, बिल. दुकानात बाटलीवर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त देऊ नये. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आणि रेल्वेत काही अडचण आली तर १३९.

आणि सहावी, वागणूक. कपड्यांवरून, बोलीवरून, वस्तीच्या नावावरून जेथे नाक मुरडले जाते तेथे अन्न कितीही चांगले असो, उठून यावे. जातीचे नाव काढून कोणी अडवले तर शांतपणे साक्षीदार ठेवावेत आणि पोलीस ठाणे गाठावे. कायदा आपल्या बाजूने आहे, भांडण करून तो हातचा घालवू नये.

पिशवीतली कोकी

बाहेर खाणे रोज परवडत नाही, आणि डबा नेण्यात कमीपणाही नाही. आपण ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जातो, १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीला जातो, तेव्हा पिशवीत भाकर-चटणी असतेच. त्यात सिंधी भगिनींची कोकी सामील करून पाहावी. ती दोन दिवस टिकते.

दोन वाट्या कणीक घ्यावी. त्यात एक कांदा अगदी बारीक चिरून, दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, थोडे जिरे, मीठ आणि तीन चमचे तेल घालून चोळावे. पाणी अगदी बेताने घालून घट्ट गोळा मळावा. जाड पोळी लाटून तव्यावर दोन्ही बाजूंनी जेमतेम शेकावी, उतरवून गरम असतानाच पुन्हा थोडी दाबून लाटावी आणि मग तेल सोडून मंद आचेवर खरपूस भाजावी. दोनदा भाजल्याने ती आतून कच्ची राहत नाही. उन्हाळ्यात कांदा वगळावा, म्हणजे जास्त टिकते. गार झाल्यावर कापडात बांधावी, गरम असताना डब्यात कोंबू नये.

डबा उघडला की शेजारच्या प्रवाशाला विचारावे, "भाऊ, घेता का घासभर?" आणि बाटली पुढे करताना नाव-गाव विचारू नये. कल्याणच्या सोनाराने डोंगरात पाण्याचे टाके दिले, ते कोण पिणार हे त्याला ठाऊक नव्हते. आपल्या पिशवीतली पाण्याची बाटलीही तशीच, समोर तहानलेला दिसेल त्याची असावी.